पन्नास पैशांची रेघ : सरासरी, पसारा आणि आपली पैसेवारी

पन्नास पैशांचं नाणं आता यवतमाळच्या बाजारात कोणी हातात घेत नाही. पण दरवर्षी ३१ डिसेंबरला याच जिल्ह्यात पन्नास पैशांना जी किंमत येते, ती पाचशेच्या नोटेलाही नसते. त्या दिवशी खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर होते. गाव पन्नासच्या आत आलं तर सवलती, पन्नासच्या वर राहिलं तर 'पीकपाणी समाधानकारक'. समाधान कोणाचं, ते मात्र कागदावर लिहिलेलं नसतं.

आज इथं एकच जण उभा असला तरी टिपण आम्ही संख्याशास्त्र शिकवणाऱ्या दोन-तीन लोकांनी मिळून केलं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणून बोलतो. विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की आता फळ्यावर मोठी सूत्रं येणार. तसं काही नाही. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक असतात ना, तेवढ्यावरच आजचं सगळं बोलणं आहे. आमचा आक्षेप असा नाही की प्रशासनाला गणित येत नाही. प्रशासन गणित सुरू करतं, सरासरी काढतं आणि तिथेच वही मिटतं, हा आमचा आक्षेप आहे. खरं काम तिथून पुढे असतं.

आधी थोडा इतिहास, कारण हे भांडण जुनं आहे. आपण पैसेवारी म्हणतो, म्हातारी माणसं अजून आणेवारी म्हणतात. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. रुपयाचे शंभर पैसे झाले ते १९५७ साली, तेव्हा आण्यांचे पैसे झाले, पद्धत तीच राहिली. १९१८ सालचा खेडा सत्याग्रह आठवा. आपण तो शाळेत साराबंदीचा लढा म्हणून शिकतो, आणि तो होताच. पण भांडणाचा मुद्दा एका आकड्याचा होता. मुंबई इलाख्यातल्या नियमाप्रमाणे पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब करता येत असे. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत आत आहे. गांधीजी आणि वल्लभभाई तिथं उतरले ते या चार आण्यांवरून. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात, मुंबई इलाख्याबाहेर. पण रेघ आखायची आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे माणसं वाटायची, ही रीत आपल्यापर्यंत पोचली. चार आण्यांची रेघ पन्नास पैशांवर सरकली, इतकंच.

आता ही पैसेवारी होते कशी ते बघू. गावात एक समिती असते. मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, काही शेतकरी. (तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.) मुख्य पिकासाठी हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीतले किमान बारा प्लॉट निवडायचे, तिथलं उत्पन्न मोजायचं, प्रमाण उत्पन्नाशी त्याची तुलना करायची आणि पैशांत सांगायचं. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके आणि दोन हजारांहून अधिक गावं. म्हणजे दरवर्षी हजारोंनी प्लॉटच्या नोंदी तयार होतात. मग त्यांची गावाची सरासरी होते, गावांची तालुक्याची, तालुक्यांची जिल्ह्याची, आणि वर्तमानपत्रात एक आकडा छापून येतो : जिल्ह्याची पैसेवारी इतके पैसे. प्लॉटच्या नोंदी दप्तरात राहतात.

या एका आकड्यावर काय काय अवलंबून आहे? जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, पाण्याचे टँकर, पंपाची वीज न तोडणं. यादी वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. परीक्षा शुल्काची माफी मुलाला मिळते, वसुलीची स्थगिती कर्जदाराला, पंपाची सूट पंपवाल्याला. लाभ माणसागणिक आहे, निकष मात्र गावागणिक. इथं जो सांधा निखळतो, त्याबद्दलच आम्ही बोलतो आहोत.

फळ्यावर दोन गावं मांडतो. आकडे आमचे, उदाहरणापुरते. पहिल्या गावात बारा प्लॉटची पैसेवारी अशी आली : भारी जमिनीत ८०, ७६, ७४, ७०, मध्यम जमिनीत ६०, ५७, ५४, ४९, हलक्या जमिनीत ३१, २५, २०, १६. बेरीज ६१२, भागिले बारा, ५१ पैसे. गाव पन्नासच्या वर. दुसऱ्या गावात बारा आकडे असे : ५२, ५१, ५०, ५०, ४९, ४८, ४८, ४७, ४६, ४६, ४५, ४४. बेरीज ५७६, सरासरी ४८. गाव पन्नासच्या आत.

सवलत दुसऱ्या गावाला मिळाली. दुसऱ्या गावात सर्वांत वाईट वावर ४४ पैशांचं आहे. पहिल्या गावात चार वावरं अशी आहेत की ज्यांत तिसरा हिस्साही पीक नाही, आणि त्यांना काही नाही. का? तर नदीकाठच्या काळ्या जमिनीत शेजाऱ्याचं पीक चांगलं आलं म्हणून. शेजाऱ्याचं सोयाबीन त्याच्या घरी गेलं, ह्याच्या वाट्याला त्याची फक्त सरासरी आली!

तुम्ही म्हणाल, उदाहरण तुम्हीच बनवलं, हवं तसं बनवलं. खरं आहे. पण आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. वर्धा आणि पैनगंगेच्या काठची काळी भारी जमीन, आणि पुसद, महागाव, घाटंजी, झरी-जामणीकडची डोंगरउताराची मुरमाड जमीन. एकाच शिवारात, नाल्याच्या या अंगाला पराटी कमरेएवढी आणि त्या अंगाला गुडघ्याएवढी, हे इथं बसलेल्या प्रत्येकानं बघितलं आहे. सप्टेंबरात पंधरा-वीस दिवस पाऊस दडी मारतो तेव्हा भारी जमीन ओल धरून ठेवते, हलकी जमीन आठवड्यात करपते. उलट ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला की चिबडते ती भारी जमीन, हलकीतून पाणी वाहून जातं. वर्ष बदललं की मरणारा बदलतो, पण पसारा कायम राहतो. सरासरीत हे दिसत नाही.

आता याच उदाहरणात आणखी एक खोच आहे. भारी, मध्यम, हलकी असे चार-चार प्लॉट घेतले आणि साधी सरासरी काढली, तर आपण गृहीत धरलं की गावात तिन्ही प्रकारची जमीन सारखीच आहे. समजा तशी नाही. समजा गावात वीस टक्के जमीन भारी, तीस टक्के मध्यम आणि पन्नास टक्के हलकी आहे. भारीची सरासरी ७५, मध्यमची ५५, हलकीची २३. ज्याची जेवढी जमीन तेवढं वजन देऊन हिशेब करा : १५ अधिक १६.५ अधिक ११.५, म्हणजे ४३ पैसे. प्लॉट तेच, मोजणी तीच, एकही आकडा खोटा नाही; आणि गाव ५१ वरून ४३ वर आलं. भारित सरासरी आपण अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. तिच्यावर एका गावाची कर्जवसुली थांबते किंवा सुरू राहते, हे मात्र शिकवत नाही.

बरं, जमिनीची प्रत कळायला नवी पाहणी हवी का? तसंही नाही. प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून रकाना आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात जमाबंदी झाली तेव्हा जमिनीची प्रत बघूनच तो आकार बसला. इंग्रजानं सारा वसूल करायला जमिनीची प्रतवारी केली, गटागटाची केली, आणि ती अजून दप्तरी आहे. वसुलीसाठी वावरागणिक हिशेब आणि मदतीसाठी गावागणिक सरासरी, असा हा व्यवहार आहे. शिवाय २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. कोणत्या गटात कोणतं पीक, ते शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंदवतो. म्हणजे वजन द्यायला लागणारे दोन्ही आकडे, जमिनीची प्रत आणि पिकाखालचं क्षेत्र, सरकारच्याच हातात आहेत.

आकड्यांशी आणखी एक खेळ होतो, तो रेघेजवळ. कुठलीही रेघ आखली की तिच्या आसपास गर्दी होते. पासिंगला ३५ गुण असतील तर ३३ आणि ३४ गुणांचे पेपर फार कमी सापडतात, शिक्षक मंडळींना हे सांगायला नको. पश्चिम विदर्भात 'सर्वच गावांची पैसेवारी पन्नासच्या आत' हा मथळा नवा नाही, आणि नजरअंदाजात पन्नासच्या वर असलेला जिल्हा अंतिममध्ये आत येतो, हेही आपण वाचतो. शेतकऱ्यांचा, पुढाऱ्यांचा दाब असतो म्हणून आकडा खाली येतो असं काही अधिकारी खासगीत म्हणतात. वरून सूचना असते म्हणून आकडा वर जातो असं शेतकरी उघडपणे म्हणतात. कोण खरं? यावर वाद घालण्याऐवजी एक काम करा. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची अंतिम पैसेवारी घ्या, आडव्या रेषेवर पैसे मांडा, उभ्या रेषेवर गावांची संख्या, आणि स्तंभालेख काढा. निसर्गानं ठरवलेलं पीक असेल तर आलेख डोंगरासारखा पसरट येईल, काही गावं तिशीत, काही सत्तरीत. सगळी गावं ४६, ४७, ४८ च्या खणात दाटीवाटीनं बसलेली दिसली, तर तो आकडा वावरात मोजलेला नाही, टेबलावर ठरवलेला आहे. आणि लक्षात घ्या, असा ठरवलेला आकडा शेतकऱ्याच्या बाजूचा असला तरी त्यानं नुकसानच होतं. सगळी गावं सारखीच वाईट झाली की खरोखर वीस पैशांवर असलेलं गाव कोणतं, ते कायमचं लपतं.

या गोंधळावर उपाय म्हणून केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आली, राज्यानं ती २०१७ मध्ये स्वीकारली. पर्जन्यमान, पावसातला खंड, वनस्पतींची स्थिती, जमिनीतली ओल असे निर्देशांक आले. हे स्वागतार्ह होतं. बारा प्लॉटच्या भरवशापेक्षा बरंच. पण एकक? एकक झाला तालुका. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि लगेच ओरड सुरू झाली की शेजारच्या तालुक्यातलं मंडळ आमच्याहून कोरडं आहे. मग मागाहून मंडळं जोडावी लागली, त्यानंतर गावं जोडावी लागली. मोजण्याची साधनं उपग्रहापर्यंत गेली, सरासरीचा खण मात्र गावाहून मोठा झाला.

आता पीक विम्याकडे येऊ. इथं सरासरी दोनदा येते, म्हणून जरा सावकाश. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. मध्ये २०२३ पासून आपल्याकडे एक रुपयात विमा होता, तो २०२५ मध्ये बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पन्नावर ठरू लागली. मुख्य पिकांसाठी एकक आहे महसूल मंडळ. यवतमाळ जिल्ह्यात अशी शंभराहून अधिक मंडळं आहेत, एकेका मंडळात वीस-वीस गावं. मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग.

पहिली सरासरी म्हणजे उंबरठा उत्पन्न. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे सत्तर टक्के. पुन्हा उदाहरणापुरते आकडे घेऊ, हेक्टरी किलोत : १४००, १३००, १२००, ११००, १०००, ६००, ५००. चांगल्या पाचांची सरासरी १२००, तिचे सत्तर टक्के ८४०. यंदा मंडळाची सरासरी ८०० आली तर तूट ४० किलोची, म्हणजे पावणेपाच टक्के. विमा संरक्षित रक्कम पन्नास हजार धरली तर हाती येतात २,३८१ रुपये. आणि मंडळाची सरासरी ८५० आली तर शून्य.

आता वाईट वर्षं वाढवून बघा. सात वर्षांत चार वाईट : १४००, १३००, १२००, ७००, ६५०, ६००, ५००. चांगली पाच घ्यायची म्हटलं तरी त्यात दोन वाईट वर्षं येणारच. सरासरी १०५०, उंबरठा ७३५. पहिल्या स्थितीत ८०० किलोला थोडी तरी भरपाई होती, आता त्याच ८०० किलोला काही नाही. लागोपाठ नापिकीनं मोडलेल्या मंडळाला सूत्र म्हणतं, तुम्हाला तर याची सवयच आहे. दोन वाईट वर्षं गाळायची सोय शेतकऱ्याच्या हितासाठी केली होती, आणि ती चांगलीच आहे. पण ती वाईट वर्षं अपवाद असतात असं मानून केली आहे. ज्या जिल्ह्यात तो अपवाद राहिला नाही, तिथं ती अपुरी पडते.

दुसरी सरासरी म्हणजे यंदाच्या दहा प्रयोगांची. त्या दहांत सर्वांत कमी ५०० आणि सर्वांत जास्त १२०० असेल, तर ८५० आणि ८३५ यांतला फरक खरा आहे की कोणतं वावर चिठ्ठीत निघालं त्याचा आहे? उंबरठा ८४० चा. पंधरा किलोंवर वीस गावांची भरपाई हलते. हे दहा आकडे तोंडी वाचून दाखवले तरी कोणत्याही शेतकऱ्याला कळेल की उत्तर इतकं टोकदार असूच शकत नाही. मंडळाच्या निकालाच्या कागदावर सरासरीच्या शेजारी किमान, कमाल आणि मध्यक छापायला अर्धी ओळ लागते.

इथं आम्हाला दोन मराठी माणसांची आठवण होते, कारण हे प्रश्न आपल्याच लोकांनी आधी सोडवायला घेतले होते. पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत बसवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे ही नावं आघाडीची. १९४० च्या दशकात कापसाच्या अशा प्रयोगांची सुरुवातीची पाहणी झाली ती आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात. तेव्हा महालनोबिसांशी सुखात्म्यांचा मोठा वाद झाला, आणि वाद कशावर? तर प्लॉट केवढा घ्यायचा यावर. सुखात्म्यांनी दाखवलं की प्लॉट फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं, कारण दोरीवरचं झाड आत धरायचं की बाहेर, या प्रश्नाचं उत्तर कापणारा माणूस नकळत 'आत' असं देतो. लहान तुकड्यात कडेची झाडं प्रमाणानं जास्त, म्हणून चूक जास्त. किती साधी गोष्ट! पण ती वावरात उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

दुसरे वि. म. दांडेकर. या माणसाच्या हातून तीन सरासऱ्या आपल्या आयुष्यात आल्या. नीळकंठ रथांसोबत १९७१ मध्ये त्यांनी दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात माणशी २२५० उष्मांकांची रेघ होती. पुढे पीक विम्याची क्षेत्राधारित कल्पना त्यांनी लावून धरली. आणि १९८३-८४ ची प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती, जिनं ३,१८६ कोटींहून अधिक अनुशेष मोजला. अनुशेष म्हणजे काय? जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जितका मागे, तितका. विदर्भाच्या राजकारणाचा सगळा शब्दसंग्रह एका सरासरीवर उभा आहे म्हणा ना.

दांडेकरांवर आम्ही टीका करतो ती आदरानं. क्षेत्राधारित विम्यामागे त्यांचा युक्तिवाद भक्कम होता. प्रत्येक वावराचं नुकसान वेगळं मोजायचं तर खर्च परवडत नाही, आणि विमा आहे म्हणून निंदण-डवरणीत हयगय करणाऱ्यालाही पैसे मिळतात. क्षेत्राची सरासरी घेतली की मुद्दाम पीक बुडवून कोणाचा फायदा होत नाही. कबूल. पण त्यात एक अट होती : क्षेत्र एकजिनसी हवं. आपण कल्पना घेतली, अट सोडली. महसूल मंडळ कारभाराच्या सोयीनं आखलेलं आहे, जमिनीच्या प्रतीनं नाही.

आणि सुखात्म्यांनीच पुढे त्या उष्मांकांच्या रेघेवर हरकत घेतली. गरज माणसागणिक बदलते, तेव्हा सरासरीलाच रेघ मानलं तर निरोगी माणसंही उपाशी ठरतील, असं ते म्हणाले. म्हणून रेघ सरासरीच्या बरीच खाली घ्या, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या टीकाकारांनी म्हटलं, यानं गरिबांची संख्या कागदावर घटते. तो वाद आज मिटवायचं कारण नाही. पण आमच्यासारख्या पसारा-पसारा म्हणणाऱ्यांना त्यात इशारा आहे. पसारा दाखवला की दुबळ्याची बाजू आपोआप बळकट होते, असं नाही. तो कोण वापरतो त्यावर आहे.

आता एक अवघड विषय, आणि यवतमाळात तो टाळून बोलता येत नाही. शेतकरी आत्महत्या. देशभर या जिल्ह्याची ओळख एका आकड्यानं झाली. त्या आकड्याचीही तपासणी व्हायला हवी, पण तो कमी दाखवण्यासाठी नव्हे. प्रत्येक प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं आणि तीन रकान्यांत पडतं : पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये मदत, २००६ पासून तेवढीच. आता 'आत्महत्या घटल्या' असं विधान ऐकलं की विचारा, कोणत्या रकान्यातल्या? यंदाची प्रलंबित प्रकरणं जास्त असतील तर यंदाची पात्र संख्या मागच्या वर्षीपेक्षा कमी दिसणारच. मागच्या वर्षीचे निकाल लागलेत, यंदाचे लागायचेत. यात कोणी खोटं बोललेलं नसतं, फक्त अर्धवट भरलेल्या वर्षाची तुलना पुऱ्या वर्षाशी झालेली असते. आणि ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, जो ठोक्यानं शेती करतो, तो कित्येकदा पहिल्याच पायरीवर शेतकरी ठरत नाही.

शिवाय नुसती संख्या पुरेशी नाही, छेद हवा. दर लाख शेतकऱ्यांमागे किती? मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत श्रीजित मिश्र यांनी २००६ मध्ये हेच केलं. वयाचा हिशेब धरून पुरुष शेतकऱ्यांमधला आत्महत्येचा दर काढला, आणि १९९५ ते २००४ या काळात तो महाराष्ट्रात तिपटीहून अधिक झाल्याचं दाखवलं. छेद धरल्यावर प्रश्न लहान झाला नाही, उलट पुढची पळवाट बंद झाली, की लोकसंख्या वाढली म्हणून आकडा वाढला. तिथं अंशाला छेद मिळाला, इतकंच घडलं.

प्रशासनाला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. २००६ मध्येच अमरावती विभागाच्या महसूल यंत्रणेनं पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली होती. कर्ज, आजारपण, लग्नाच्या मुली, असे प्रश्न होते. कुटुंबाला कुटुंब म्हणून विचारलं होतं. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक हीच माणसं, संगणक आजच्याहून कितीतरी कमी. त्या वेळी एकक वावर आणि घर होतं. पुढे ती पद्धत चालू राहिली असती तर आज वीस वर्षांची साखळी हातात असती.

वेळ होत आला, तेव्हा मागणी काय ते स्पष्ट सांगतो. बारा प्लॉटचा तक्ता ग्रामसभेत वाचा. गावाच्या पैसेवारीशेजारी किमान, कमाल, मध्यक आणि खालचा चतुर्थक लिहा. हलक्या, मध्यम, भारी जमिनीची पैसेवारी वेगळी जाहीर करा. सगळ्या गावांची यादी संगणकावर उघडी ठेवा, म्हणजे कॉलेजच्या पोरांना स्तंभालेख काढता येईल. याला नवा कायदा लागत नाही, बहुधा नवं पदही लागत नाही.

शेवटी एका श्रोत्यानं विचारलं, ते इथं नोंदवतो, कारण प्रश्न चोख होता. ते म्हणाले, "सर, सरासरीऐवजी मध्यक लावला असता, तर तुमच्या पहिल्या गावाला सवलत मिळाली असती का?"

नाही, दादा. हिशेब करून बघा. बारा आकडे ओळीनं लावले तर मधले दोन येतात ५७ आणि ५४, मध्यक साडेपंचावन्न. म्हणजे मध्यक लावला तर ते गाव रेघेच्या आणखी वर गेलं. म्हणून आम्ही एकाऐवजी दुसरा आकडा बसवा असं म्हणत नाही. खालून चौथाई बघा. पहिल्या गावात खालचे तीन सोडले की पंचवीस आणि एकतीसच्या मध्ये, अठ्ठावीस पैसे. दुसऱ्या गावात शेहेचाळीस. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर कोणत्या गावात आधी जायचं ते तहसीलदाराला विचारावं लागणार नाही. आणि त्या गावात गेल्यावर कोणाच्या वावरात जायचं, ते सातबाऱ्यावरचा आकार सांगेल.

त्यावर त्यांनीच पुढे विचारलं, "पण रेघ तर पन्नासचीच राहील ना?" हो, रेघ राहील. रेघ कुठं आखायची ते मुंबईत ठरतं. पण रेघेखाली किती माणसं आहेत हे मोजायचं काम इथलं आहे, आणि ते बारा प्लॉटचे तक्ते तुमच्या-आमच्या तहसिलीतच आहेत. माहितीच्या अधिकारात मागितले तर मिळतात. अर्ज दहा रुपयांचा.